अर्धा जांभळा

जुलै सरत आला की माझा नवरा माणसात राहत नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या आमच्या उपनगरात तेव्हा सगळीकडे सामसूम असते. शाळांना सुट्टी लागलेली, गाड्यांच्या कारखान्याला सुट्टी, निम्मी गल्ली इटलीच्या समुद्रावर पालथी पडलेली. आणि हा बाबा बाल्कनीत बसून फोनकडे टक लावून असतो, कारण इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबाचा नवीन हंगामाचा शर्ट त्या सुमारास जाहीर होतो. क्लब मोठा नाही. वरच्या वर्गात कधीतरी चढतो आणि वर्षभरात नाक मुठीत धरून खाली येतो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर अभि म्हणेल की उच्चार चुकलाय.

या वर्षी मी भेंडी चिरत होते. अभि आत आला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "रंग परत आला." एवढंच बोलून तो पुन्हा बाल्कनीत गेला. या बातमीसाठी त्यानं वर्षभर देव पाण्यात घातले होते, पण चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं. मला त्याच्या मागे जावंसं वाटलं आणि गेले नाही. भेंडी तशीच राहिली. गेल्या वर्षीचा तो हंगाम, आबा आमच्याकडे होते तो, माझ्यापुढे येऊन बसला.

मी पुण्याची. आमच्या घरात खेळ म्हणजे कॅरम आणि तोही पावडर सांडते म्हणून बंद केलेला. लग्न होऊन कोल्हापुरात गेले तेव्हा मला वाटलं होतं की सासरी मटणाच्या रश्श्याशी जुळवून घ्यावं लागेल. रस्सा राहिला बाजूला, सासरच्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात मला फुटबॉलच्या मैदानावर नेऊन बसवलं. कोल्हापुरात पेठेपेठेची तालीम आणि तालमीतालमीचा संघ. ज्या आखाड्यात आजोबांनी शड्डू ठोकला तिथलाच नातू बूट घालून चेंडूमागे धावतो. पाऊस सरला, दिवाळी झाली की यांचा हंगाम, आणि हंगामात पेठ ओळखायची ती शर्टाच्या रंगावरून. एका पेठेतली मुलगी दुसऱ्या पेठेत दिली तर मॅचच्या दिवशी तिनं माहेरच्या रंगाची साडी नेसू नये, असंही मला बजावण्यात आलं. माझं माहेर पुणं असल्यामुळे मला कसलाच रंग नव्हता, त्याची सासूबाईंना कीव यायची.

आमच्या पेठेचा शर्ट अर्धा जांभळा आणि अर्धा सायीच्या रंगाचा. उभा अर्धा. डावी बाजू जांभळी, उजवी सायीची. हा रंग आबांनी आणला होता, इंग्लंडातून.

आबा म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर होते, कापड रंगवण्यात जन्म गेला. तरुणपणी कंपनीनं त्यांना रंगाईचं नवीन यंत्र शिकायला उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावात धाडलं. एका विधवा बाईच्या घरी खोली मिळाली. ती बाई शनिवारी दुपारी शाल गुंडाळून, चहाचा थर्मास घेऊन फुटबॉलला जायची, आणि थंडीनं काकडलेला हा हिंदुस्थानी मुलगा एकटा खोलीत बसतो म्हणून त्यालाही सोबत न्यायची. आबांना इंग्रजी बेताचं. मैदानावर मात्र भाषेवाचून अडलं नाही, शिव्या कळत होत्या.

तिथंच त्यांनी त्या शर्टाची गोष्ट ऐकली. गावातल्या रंगाऱ्यांनी क्लब काढला तेव्हा घालायला एकसारखे कपडे नव्हते. मग एका रविवारी गिरणी बंद असताना पोरांनी आपापले बंडीवजा सदरे गोळा केले आणि जांभळ्या रंगाच्या पिंपात सोडले. अर्धे सोडले असतील नसतील, तेवढ्यात मुकादम आला. पोरं सदरे उपसून पळाली. पिंपाच्या काठावर लोंबत राहिलेली बाजू कोरी राहिली होती, ती कोरीच. त्याच सदऱ्यांवर खेळले, जिंकले, आणि मग तोच गणवेश झाला. लोक त्यांना रंगारी म्हणायला लागले. खरंखोटं देव जाणे. पण आबांचा या गोष्टीवर पूर्ण विश्वास होता आणि त्याला कारण होतं धंद्यातलं. त्या शर्टावर जांभळ्याची आणि सायीची मधली रेघ सरळ नाही. ती हलकी नागमोडी आहे, पुढे यंत्रावर शिवलेल्या शर्टांतही मुद्दाम तशीच ठेवलेली. "रंग कापडात चढतोय की," आबा सांगायचे. "पाणी वर ओढतंय तसा. सरळ रेघ कुणी मारली असती तर म्हटलो असतो, गोष्ट बनवलेली हाय."

घरमालकीण बाई त्यांना एकदा म्हणाली होती की गिरण्या बंद पडत चालल्या, खेळाडू बाहेरगावचे येतात, जुनं मैदानही विकलं गेलं, आमचा म्हणून हा शर्ट तेवढा उरलाय. आबा परत आले ते हे वाक्य घेऊन. आल्या आल्या त्यांनी पेठेच्या संघाचे सदरे अर्ध्यावर बांधून स्वतःच्या हातानं बुडवले, रेघ वाकडी ठेवून. इंग्लंडातल्या त्या गावाला आजतागायत पत्ता नाही की कोल्हापुरात एक पेठ त्यांचा रंग घालून भांडते. अभि त्या रंगात वाढला, त्या रंगात खेळला, गुडघा फोडून घेतला, इंजिनीअर झाला आणि जर्मनीत आला. इथे गिअरबॉक्सच्या चाचण्या घेतो. शनिवारी दुपारी, आमचे चार वाजले की, तो लॅपटॉपवर मॅच लावायचा आणि कोल्हापुरात आबा रात्रीचं जेवण लवकर आटोपून फोन घेऊन बसायचे. वर्षानुवर्षं बाप-लेकाचं बोलणं म्हणजे हेच. तब्येत कशी आहे हेसुद्धा हाफटाइमला.

आणि मग गेल्या वर्षी, मार्चमध्ये, सासूबाई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. अभि जाऊन दिवस करून आला. आल्यावर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी दात घासता घासता म्हणाला, "आबांना इकडे आणू. तीन महिने इथे, तीन महिने तिथे. व्हिसा तसा मिळतो." मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात लगेच आलं की खोली कुठली द्यायची, जेवण तिखट लागेल, दिवसभर एकटे करतील काय. पण त्याहून मोठं काही त्याच्या आवाजात होतं. त्याला बाप हवा होता. आईच्या वेळी पोचायला उशीर झाला होता, आता त्याला उशीर करायचा नव्हता.

आबा ऑगस्टच्या सुरुवातीला आले. फ्रांकफुर्टहून गाडीनं येताना वाटेत सगळं बघत होते. घरी आल्यावर हातपाय धुतले, देवापुढे उभे राहिले, आणि चहा घेताना टेबलावरचं एक छोटं पुस्तक उचलून पाहिलं. अभिचा जर्मन पासपोर्ट. आदल्याच आठवड्यात मिळालेला. इथल्या कायद्याला आता दुसरा पासपोर्ट चालतो, आपल्या कायद्याला चालत नाही, त्यामुळे निळा भारतीय पासपोर्ट गेला होता. माझा निळाच आहे, मी अजून अर्ज केलेला नाही, का ते मला नीट सांगता येत नाही. आबांनी ते पुस्तक उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं. "मरून म्हणतात लोक," ते म्हणाले, "पण हा किरमिजी हाय. चांगला बसलाय रंग." आणि होतं तिथे ठेवून दिलं. अभि तोवर त्यांची बॅग उचलून आत गेला होता.

त्याच आठवड्यात क्लबाच्या नव्या मालकांनी नवा शर्ट जाहीर केला. काळाकुट्ट. खांद्यावर डोळ्यांना झोंबणारा नारिंगी पट्टा. छातीवरचं जुनं चिन्ह, रंगाचं पिंप आणि त्यात ढवळायची काठी, काढून टाकलेलं. त्याच्या जागी वाघाचं तोंड. अभिनं मालकांचं निवेदन मोठ्यानं वाचून दाखवलं. आशियातल्या चाहत्यांना वाघ अधिक जवळचा वाटतो, असं त्यात होतं.

"आशियातले म्हणजे कोण?" आबांनी विचारलं. "मीच की."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "गिऱ्हाईक बघून रंग बदलायचा म्हणजे सरड्याची जात झाली," ते म्हणाले. "ही काय आपली टीम न्हवं." ते मालकांबद्दल बोलत होते, माझी खात्री आहे. पण अभिचे कान लाल झालेले मी पाहिले. तो उठून भांडी घासायला लागला. आमच्याकडे भांड्यांचं मशीन आहे.

ते वाक्य घरात राहिलं. कुणी काढलं नाही, कुणी विसरलंही नाही. माझ्या नवऱ्याचा एक स्वभाव आहे, बोचलेलं तो काढून टाकत नाही, जपतो. आणि आबा कोल्हापूरचे, त्यांना वाटतं की शिवी दिली की विषय संपला. शनिवारी अभि मॅच लावायचा. काळ्या शर्टातली पोरं स्वतःच्याच मैदानावर उतरली की प्रेक्षक त्यांना हुर्यो करायचे. आबाही करायचे. मोठ्यानं, पेठेच्या भाषेत. एकदा अभि म्हणाला, "आबा, खेळाडू तेच आहेत." आबा म्हणाले, "मग लाज वाटायला नको त्यांना?" मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्या खोलीत नेमकं कुणाबद्दल चाललंय, असं मला वाटत राहायचं.

बरी गोष्ट एकच होती, इरा. आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची, इथल्या फेराइनच्या, म्हणजे वस्तीतल्या क्रीडा मंडळाच्या, मुलींच्या संघात गोलकीपर. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. आबांना जर्मनचं ओ की ठो कळत नाही. तरी दोघांचं झकास चालायचं. सप्टेंबरात सराव सुरू झाला तसे आबा रोज संध्याकाळी मैदानाच्या कठड्याला टेकून उभे राहायला लागले. कृत्रिम गवताला तापलेल्या रबराचा वास येतो, तो त्यांना आवडत नव्हता. "माती कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसऱ्या दिवसापासून ते इराला ओरडून सांगायला लागले, "पुढं ये, पुढं ये, दांडी धरून काय उभी राहिलीस," आणि ती जर्मनमधलं "या, या, आबा", म्हणजे हो, हो, म्हणत पुढे यायची.

काट्रिन ही त्यांची प्रशिक्षक, एक हसरी, उंच मुलगी. तिला आबांचं कौतुक. एकदा आबांनी इराकरवी तिला विचारलं की तुमच्या संघाचा रंग कोण ठरवतं, मालक कोण. काट्रिनला प्रश्नच कळेना. मालक नसतोच, ती म्हणाली, सभासद ठरवतात. शर्टाचा रंग, चिन्ह, अगदी मैदानावर मिळणाऱ्या वुर्स्टची, म्हणजे सॉसेजची, किंमतसुद्धा, सगळं सभेत हात वर करून.

"आणि मेंबर कोण होतंय?" आबांनी विचारलं.

"कोणीही. आजोबासुद्धा," काट्रिन म्हणाली.

आबा घरी आले. रात्री जेवताना सहज सांगावं तसं म्हणाले, "मी व्हतो की मग इथला मेंबर. वरीसभर हितं नसलो म्हणून काय झालं? इथं असंन तवा बघीन, नसंन तवा नाही." अभिनं वर पाहिलं. त्यानं विचारून ठेवलं होतं, तीन महिने इथे, तीन तिथे, आणि आबांनी तोवर हो म्हटलं नव्हतं की नाही. हे त्यांचं हो होतं, निदान होच्या अगदी जवळचं. अभिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्या रात्री मला जे वाटलं ते मी स्पष्ट लिहिते: आबांनी राहावं असं मला मनापासून वाटलं. मलाच नवल वाटलं.

मग सरावाची एक मॅच झाली आणि शर्ट धुवायची आमची पाळी आली.

इथे मुलांच्या संघाचे शर्ट पालक आळीपाळीनं धुतात. मॅच संपली की सगळे घामट शर्ट एका मोठ्या पिशवीत जातात, ती पिशवी ज्यांची पाळी त्यांच्या घरी, आणि पुढच्या मॅचला स्वच्छ घड्या परत. आमच्या फेराइनचा शर्ट पांढराशुभ्र. मी धुऊन वाळवून, घड्या घालून पिशवी खोलीत ठेवली आणि कामाला गेले.

कोल्हापुरात हंगामाची पहिली मॅच असली की आदल्या दिवशी सगळे शर्ट तालमीतल्या मारुतीपुढे मांडतात आणि प्रत्येकाच्या छातीवर, चिन्हाच्या वर, ओल्या हळदीचं बोट लावतात. हे काम पेठेतल्या वडीलधाऱ्या माणसाचं. गेली कित्येक वर्षं ते आबांकडे होतं. आता इथे हंगामाची पहिली मॅच, नात गोलात उभी राहणार, शर्ट घरात आलेले आणि घरातला वडील माणूस म्हणजे तेच. त्यांनी देवघरापुढे सतरंजी घातली, एकेक घडी उलगडून मांडली, उदबत्ती लावली. कुणाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. पोळी करायला कुणी परवानगी मागतं का?

आमच्या पेठेचा शर्ट डावीकडे, चिन्हाच्या बाजूला, गडद जांभळा. तिथे हळद दिसत नाही. इतक्या वर्षांत ती कधी कुणाला दिसली नव्हती. पांढऱ्यावर दिसली. ज्यानं जन्मभर डाग पडू नये म्हणून पगार घेतला, त्या माणसानं घाबरून साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माणूस घाबरला की माहीत असलेलंच आधी विसरतो.

मी घरी आले तेव्हा दोरीवर सगळे शर्ट होते आणि प्रत्येकाच्या छातीवर तांबूस डाग होता. आबा खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसले होते. "उन्हात उडंल," ते म्हणाले. "हळदीचा रंग उन्हात उडतोय." खरंच उडतो. पण ऑक्टोबरातल्या स्टुटगार्टमध्ये ऊन कुठून आणायचं, आणि मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी.

मैदानावर एका मुलीनं विचारलं की हे रक्त आहे का. दुसरी दोन बोटांत शर्ट धरून उभी राहिली. काट्रिननं सगळ्यांना सरावाचे हिरवे बिनबाह्यांचे जाळीदार सदरे वरून घालायला दिले. अभि प्रत्येक पालकापाशी जाऊन माफी मागत होता, आणि प्रत्येकजण हसून काही हरकत नाही म्हणत होता. आबा कठड्याशी उभे होते, हात मागे बांधून. ते त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघत होते. कोल्हापुरात असं झालं असतं तर निम्मी पेठ अंगावर आली असती, दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली असती, आणि संध्याकाळी सगळे एका गाड्यावर चहा पीत असते. इथे कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या महिन्यात पिशवीची आमची पाळी आलीच नाही, कुणीतरी गुपचूप पुढच्या घराला दिली. मंडळाकडे नवीन शर्टही आले. त्याबद्दलही कुणी आम्हाला काही म्हटलं नाही. एवढ्या सज्जनपणापुढे माणसानं कुठे बघायचं?

गाडीपर्यंत इरा आमच्यापुढे एकटीच चालत गेली. ती रागावली नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचीही लाज वाटत होती.

घरी आल्यावर अभि फुटला. "आबा, हे कोल्हापूर नाही," तो म्हणाला. "इथं आम्हाला राहायचंय. इतकी वर्षं मान खाली घालून काम केलं, कुणी बोट दाखवायला नको म्हणून. तुम्ही एका दिवसात..." पुढचं त्यानं गिळलं. आबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "आम्हाला म्हटलास. बरोबर हाय." आणि खोलीत गेले.

त्यानंतर मेंबर होण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मैदानावर जाणंही थांबवलं. मी म्हटलं, चला आबा, इरा वाट बघते. तर म्हणाले, "थंडी सोसत नाही गं आता." तरुणपणी त्या गिरणगावात बर्फात उभं राहून मॅच पाहिल्याच्या गोष्टी याच माणसाकडून मी ऐकल्या होत्या. बाप-लेक एकमेकांना मीठ दे, दार लाव एवढं बोलायचे. शनिवारी अभि ऑफिसचं काम काढून आत बसायचा. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही दया. अशा वेळी बाईनं मध्यस्थी करावी असं सगळीकडे धरून चालतात. मी करून पाहिली. अभि म्हणाला, "तुला नाही कळायचं." आबा म्हणाले, "तू नको मधी पडू, मधुरा." मग मी पडले नाही.

आबांच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यातला एक शनिवार मात्र मला विसरता येत नाही. बाहेर टेकडीवरचे द्राक्षमळे पिवळे पडले होते, चारलाच दिवा लावावा लागला होता. आबा लॅपटॉपपुढे एकटे बसले होते. मॅच चालू, आवाज बंद. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर एक काळ्या शर्टातला पोरगा पाय धरून पडला होता आणि मागच्या गर्दीची तोंडं उघडीमिटी होत होती.

"आबा, यातले आपले कोणते?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"काळं ते," ते म्हणाले. "आवाज बंद केलाय मी. शिव्या घालतात गं त्या पोरांना. ऐकवत नाही."

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. अभिला जाऊन सांगावं, ओढून आणून इथे बसवावं, असं मला फार वाटलं. पण ते आबांनीच त्याला सांगायला हवं होतं.

नोव्हेंबरात आबा कोल्हापूरला परत गेले. विमानतळावर अभिनं बॅग दिली, आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दोघांनीही दुसरीकडे बघितलं. पुन्हा केव्हा, हे कुणी विचारलं नाही. फेब्रुवारीत यायचं ठरलं होतं, तेव्हा ते आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. मेमध्ये उन्हाचं कारण झालं. फोन होत राहिले, तब्येतीपुरते. क्लबाबद्दल एक शब्द नाही. हंगाम संपता संपता चाहत्यांनी मोर्चे काढले, खुर्च्या रिकाम्या ठेवल्या, मालक कंटाळून विकून गेले, हे सगळं अभि एकटाच वाचायचा.

आणि आता रंग परत आला होता. चिरलेली भेंडी झाकून ठेवली तोवर अभि बाल्कनीतून आत येऊन टेबलाशी बसला होता. इरा समोर पाय वर घेऊन कॉर्नफ्लेक्स खात होती. त्यानं कोल्हापूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बहुधा एकट्यानं बोलायची हिंमत नसेल.

"आबा, जांभळा परत आला."

"बघितला मी," आबा म्हणाले. "पेठेतल्या पोरांनी दाखवला. रेघ पण वाकडीच ठेवलीय. बरं झालं." मागे कुकरची शिट्टी झाली, ती थांबेपर्यंत ते थांबले. "पण अभ्या, गेल्या साली त्या पोरांचं लई वाईट झालं. अंगावर जे दिलं ते घातलं त्यांनी, आणि जीव तोडून खेळली. आणि त्यांचीच माणसं त्यांना शिव्या घालत व्हती. मी पण घातल्या. ते काय मी बरं केलं नाही."

अभि टेबलाची कड अंगठ्यानं घासत होता.

"ऐकायलास न्हवं?"

"ऐकतोय, आबा."

"हंगामाला ये की यंदा. दिवाळी झाली की सुरू होतोय. मला काय आता त्या विमानात बसवत नाही. तू ये. घर हाय, मी हाय. तुझं घर हाय, विचारायचं काय त्यात?"

"येतो," अभि म्हणाला. "नक्की येतो, आबा."

फोन बंद झाल्यावर त्यानं डोळे पुसले, लपवून नाही, सरळ पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हिसा काढायला लागेल मला." परदेशी झालेल्या भारतीयांना एक कायमचं कार्ड मिळतं, ते असलं की व्हिसा लागत नाही. ते काढायचं तो वर्षभर टाळत आला होता. का, ते मी विचारलं नव्हतं.

इरानं चमचा खाली ठेवला. "वीझो?" तिनं विचारलं. "डू कोम्स्ट डोख फॉन डॉर्ट." कशाला, तू तर तिथलाच आहेस ना, असं ती विचारत होती. तिला खरंच कळलं नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.